खासदारांचा हिशेब आणि पन्नास पैशांचे कार्ड

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने राजकारणावर लिहू नये, ते कला शाखेवाल्यांचे काम, अशी आमच्या वर्गाची समजूत आहे. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की आमचे कर्तव्य संपले. परंतु गेले काही महिने एक ताळेबंद मला छळतो आहे आणि तो आमच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. म्हणून हा उपद्व्याप. गुरुजनांनी चुका पोटात घालाव्यात.

७ मे २०२४ रोजी मी आयुष्यातले पहिले मत दिले. मतदान केंद्र होते माझीच जुनी मराठी शाळा. ज्या खोलीत पाढे म्हटले, त्याच खोलीत बोटाला शाई लावून घेतली आणि छाती दोन बोटे फुगवून बाहेर आलो. पुढे काही दिवसांनी आमच्या कॉमन रूममध्ये वाद रंगला. एका मित्राने मोबाइलवर देशभरच्या खासदारांचे आकडे काढले होते. हजेरी किती टक्के, प्रश्न किती विचारले, चर्चेत किती वेळा भाग घेतला, खासगी विधेयके किती मांडली, सारे काही रकान्यांत. कोणाची हजेरी नव्वदीच्या पुढे, कोणाची साठीच्या आत. "आपली हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसू देत नाहीत, मग यांना निवडणुकीला कसे बसू देतात?" असे कोणीतरी म्हणाले आणि चहाचे पेले खाली ठेवून सगळे हसले. मीही हसलो.

आकडे खोटे नव्हते. दिल्लीची पी.आर.एस. ही संस्था ते संसदेच्या नोंदींवरून गोळा करते आणि कोणालाही पाहता येतात. पण टक्केवारी पाहिली की आधी छेद विचारायचा, हे आम्हांला कॉस्टिंगच्या तासाला घोकून घेतले आहे. छेद पाहिला. १९५२ ते १९५७ या काळातील पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या झाल्या २७४. मधे करोनाची साथ येऊन गेली हे खरे, तरी तफावत केवढी! पहिल्या लोकसभेतला सत्तर टक्के हजेरीचा सभासद सतराव्या लोकसभेतल्या शंभर टक्केवाल्यापेक्षा दोनशे दिवस जास्त सभागृहात बसला, असा हा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. मंत्री सभागृहात प्रश्न विचारीत नाहीत, उत्तरे देतात. हजेरीपटावर सहीही करीत नाहीत. आमच्याच बेळगाव मतदारसंघाचे सुरेश अंगडी मे २०१९ पासून सप्टेंबर २०२० मध्ये करोनाने त्यांचे निधन होईपर्यंत रेल्वे राज्यमंत्री होते. त्या सोळा महिन्यांपुरते त्यांचे रकाने कोरे. कोरा रकाना म्हणजे रिकामा माणूस नव्हे, एवढे तर जमाखर्च लिहिणाऱ्या नवशिक्या मुलालाही कळावे.

आणि खासगी विधेयके! बॅ. नाथ पै १९५७ पासून तीन वेळा राजापूरमधून लोकसभेवर गेले. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा तो अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडले. त्यावर देशभर खल झाला. विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी आमच्या बेळगावातच त्यांचे देहावसान झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीने जवळजवळ तेच काम केले. विधेयक बरोबर होते की नव्हते हा वाद निराळा, माझी त्यात पडण्याची प्राज्ञा नाही. पण आजच्या कोष्टकात ते कसे दिसले असते? मांडले एक, संमत शून्य. स्वातंत्र्यानंतर आजवर अवघ्या १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि १९७० नंतर एकही झालेला नाही, हे कोष्टक सांगत नाही.

विम्याचा धडा शिकताना मुंदडा प्रकरण आम्हांला दोन ओळींत सांगून संपवले. १९५७ साली आयुर्विमा महामंडळ जेमतेम वर्षाचे बाळ होते. विमेदारांच्या पैशांतून हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे भाग त्याने विकत घेतले. लोकसभेत प्रश्न निघाला. फिरोज गांधी हे सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, पण त्यांनी चर्चेत सरकारला धारेवर धरले. न्यायमूर्ती छागलांची चौकशी नेमली गेली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. प्रश्न मोजायचे तर हे एखाददोन आकड्यांचे काम.

असो. हे सारे मी कॉमन रूममध्ये बोलून दाखवले असते, तर वाद जिंकलाही असता. पण खरा प्रश्न मला तिथे भेटलाच नाही. तो भेटला आमच्या गल्लीत.

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. कन्नड शाळेत शिकलो, त्याहून अधिक क्रिकेटच्या मैदानावर शिकलो. त्यामुळे गल्लीतला फुकटचा अर्जनवीस मी आहे. रेशन कार्ड, वीजबिल, सातबाऱ्याऐवजी आपल्याकडे असतो तो उतारा, जे काही कन्नडमध्ये भरायचे असेल ते माझ्याकडे येते. समोरच्या घरात एक मामा राहतात. (नात्याचे नव्हेत, गल्लीचे मामा.) एका फाउंड्रीत साचे भरण्यात त्यांची हयात गेली. १२ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली पेन्शन मिळते. किती? महिन्याला बाराशे रुपये आणि वर काही.

एके दिवशी संध्याकाळी पासबुक घेऊन आले. म्हणाले, "तू अकाउंट शिकतोस न्हवं? हे एवढंच का येतंय ते सांग बघू."

मी हिशेब मांडला. नियम असा की सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. त्यांचा शेवटचा निवृत्तिवेतनास पात्र पगार पाच हजारांच्या आसपास, १९९५ नंतरची वर्षे १७. पाच हजार गुणिले १७ भागिले ७०, म्हणजे १,२१४. मागच्या नोकरीचे थोडे धरले की पासबुकातला आकडा येतो. हिशेबात चूक नव्हती. चूक असती तर बरे झाले असते असे मला त्या क्षणी वाटले. १ सप्टेंबर २०१४ पासून सरकारने या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये ठरवले, पण मामांचे आधीच हजाराच्या वर असल्यामुळे त्यांना त्याचा छदामही लाभ झाला नाही. आणि या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. बारा वर्षांपूर्वी जे बाराशे होते ते आजही बाराशेच आहेत. गॅसचा सिलिंडर मात्र थांबला नाही.

"मग खासदाराला लिहू या," मामा म्हणाले. "दिल्लीचं काम हाय म्हणतोस ना?"

दिल्लीचे काम होते खरे. भविष्यनिर्वाह निधी हा केंद्राचा विषय. महापालिकेचे गटार आणि बसथांब्याचे शेड मागायला लोक खासदाराकडे जातात आणि खऱ्या केंद्राच्या कामाला कोणी जात नाही, म्हणून मला आनंद झाला. पत्र लिहिण्यापूर्वी मी लोकसभेच्या संकेतस्थळावर शोध घेतला आणि थक्क झालो. हा प्रश्न विचारून झालेला आहे! एकदा नव्हे, वारंवार, निरनिराळ्या राज्यांच्या खासदारांनी. किमान पेन्शन वाढवणार काय? महागाईशी जोडणार काय? मंत्र्यांची लेखी उत्तरेही आहेत आणि त्यांचा सूर बहुतेक सारखाच आहे. मालक पगाराच्या ८.३३ टक्के भरतो, केंद्र सरकार १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर १.१६ टक्के भरते, साऱ्या पेन्शनी या गंगाजळीतून निघतात, गंगाजळीचे दरवर्षी मूल्यांकन होते, आणि किमान हजार रुपये देण्यासाठी लागणारी तूट सरकार अंदाजपत्रकातून भरून काढते.

उत्तर पटो वा न पटो, ते उत्तर आहे. उत्तर इंग्रजीत आहे, आणि हिंदीतही आहे. मामांना हिंदी सिनेमा कळतो, म्हणून हिंदी प्रत वाचून दाखवू लागलो. "नियोक्ता" आला, "अंशदान" आले, "बजटीय सहायता" आली. मामांनी हात वर केला. मग मी ते सारे मराठीत सांगितले. नियोक्ता म्हणजे तुमचा मालक, अंशदान म्हणजे वर्गणी.

बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "म्हणजे कुणीतरी इचारलंय म्हणायचं की! मला वाटलं, आमचं कोण इचारतंय."

मामांना पैसे मिळाले नव्हते. उत्तर जवळजवळ नकाराचेच होते. तरी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलले. आपल्या नावाने कोठेतरी हाक गेली होती, एवढे कळल्याने ते बदलले. आणि मला राग आला. दिल्लीत प्रश्न विचारला जातो, कागद छापला जातो, संकेतस्थळावर चढतो, आणि ज्याच्यासाठी तो विचारला त्या माणसापर्यंत त्याची भाषांतरित ओळही पोहोचत नाही. पोहोचली तीही एका पोराला मोबाइल चाळण्याची सवय होती म्हणून. खासदाराच्या कामाचा सगळ्यांत मोठा रकाना हा असायला हवा, आणि तो कोष्टकात कोठेच नाही.

भाषेचा मुद्दा आला की आमच्या गावात सगळे सावरून बसतात. मी सीमाप्रश्नावर लिहीत नाही. याच अंकाच्या दुसऱ्या अंगाला माझे मित्र कन्नडमध्ये लिहीत आहेत आणि मामांचा प्रश्न त्यांच्या गल्लीतही जसाच्या तसा आहे. १९६७ साली शिमोग्याचे जे. एच. पटेल लोकसभेत कन्नडमध्ये बोलले, त्यापूर्वी त्या सभागृहात कन्नड भाषण झालेच नव्हते. आज मराठी, कन्नड दोन्ही भाषांतून बोलता येते आणि दुभाषे त्याचे भाषांतर करतात. म्हणजे इकडची भाषा तिकडे ऐकू जाण्याची सोय झाली. तिकडचे इकडे ऐकू येण्याची नाही.

घटनेचे ३५० वे कलम मी मुद्दाम ग्रंथालयात जाऊन वाचले. आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेतून सरकारी अधिकाऱ्याकडे करण्याचा हक्क ते प्रत्येकाला देते. छान आहे. पण उत्तर त्याच भाषेत यावे असे त्यात नाही. लोकसभेकडे थेट याचिकाही पाठवता येते, ती सदस्याने सादर करायची असेल तर तिच्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. याचिका हिंदी वा इंग्रजीत हवी, मराठी वा कन्नडमध्ये असेल तर सोबत यांपैकी एका भाषेतले भाषांतर जोडायचे. भाषांतराचा खर्च कोणाच्या खाती? मामांच्या.

कोणी म्हणेल, आजचे खासदार पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक बोलतात. रोज छायाचित्रे येतात, चित्रफिती येतात, चौकाचौकांत फ्लेक्स असतात. खरे आहे. पण बँकेची मोठी जाहिरात आणि आपले पासबुक यांत फरक असतो. जाहिरात सर्वांना एकच, पासबुकात माझे खाते. मामा पासबुक घेऊन आले होते.

आणि यासाठी पैसा नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण तो आपणच देतो. खासदाराला वेतन व मतदारसंघ भत्त्याखेरीज कार्यालयाच्या खर्चासाठी वेगळा भत्ता मिळतो. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वाढीनंतर तो महिना ७५,००० रुपये झाला. त्यातला एक भाग कागद-टपालासाठी आणि उरलेला मदतनिसाच्या पगारासाठी. पोस्टकार्डाची किंमत ५० पैसे. दहा हजार कार्डे म्हणजे पाच हजार रुपये. छपाई धरा, दुप्पट धरा. "अमुक तारखेला तुमच्या पेन्शनबद्दल लोकसभेत प्रश्न निघाला, सरकारने असे उत्तर दिले", एवढ्या चार ओळी एका अंगाला मराठीत आणि दुसऱ्या अंगाला कन्नडमध्ये. माझ्या अंदाजपत्रकात हे बसते. पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीला तर हातही लावावा लागत नाही.

उत्तर मिळत नाही असे माणसांना फार दिवस वाटत राहिले की काय होते, तेही आमच्याच गावाने दाखवले आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावातून ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीने पाहावे म्हणून शेकडो साध्या माणसांनी अर्ज भरले. मतपत्रिकेची चोपडी झाली. त्याच निवडणुकीत आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) नळगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने हाडे वाकलेल्या गावांसाठी लोक उभे राहिले, तिथे उमेदवार होते ४८०. दोन गावे, दोन भाषा, दोन गाऱ्हाणी, युक्ती एकच. त्यांची मागणी तुम्हांला मान्य असो वा नसो, मला तर ती एवढी मोठी मतपत्रिका म्हणजे न पोहोचलेल्या पत्रांचा गठ्ठाच वाटते. सरकारने काय केले? त्याच वर्षी अनामत रक्कम ५०० वरून १०,००० केली. गठ्ठा बंद झाला.

पण सारा दोष दिल्लीचा म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. आपण खासदाराला लिहितो कशासाठी? शिफारशीसाठी. रेल्वेच्या राखीव कोट्यासाठी, बदलीसाठी. २०२२ पर्यंत प्रत्येक खासदाराला केंद्रीय विद्यालयात दहा मुलांची शिफारस करता येई. त्या दहा जागांसाठी जितके अर्ज जात, त्याच्या शतांश पत्रे तरी "तुम्ही या विधेयकाला काय म्हणालात, आम्हांला कळवा" अशी गेली असतील काय? मी स्वतः, मतदानाच्या दिवशी छाती फुगवून बाहेर आलेला मी, मामा पासबुक घेऊन येईपर्यंत एक ओळ लिहिली नव्हती. कर्ज देऊन पावती मागायची नाही असे आमचे चालले आहे, आणि वर आम्ही वाणिज्य शाखेचे.

गेल्या रविवारी ते पत्र लिहायला बसलो. कन्नड विभागातला माझा मित्र मुद्दाम आला, कारण माझे कन्नड मैदानावरचे, कागदावर पांगळे. अर्धा ताव मराठी, अर्धा ताव कन्नड. मी "निवृत्तिवेतन" लिहिले आणि मान वर करून पाहतो तर त्यानेही त्याच्या अर्ध्या तावावर निवृत्तिवेतनच लिहिलेले, लिपी तेवढी वेगळी. आम्हांला मोठी गंमत वाटली. मामांना मात्र दोन्हीकडचे कळेना. मग दोन्हीकडे खोडून पेन्शन आणि पिंचणी केले.

पैसे वाढवा, एवढे एकच मागणे आम्ही लिहिणार होतो. मामांनी आणखी एक ओळ घालायला लावली: नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणून लिहा, पण लिहा. मग सदऱ्याच्या खिशातून एक कोरे पोस्टकार्ड काढून पाकिटात घालायला दिले, उत्तरासाठी. त्यावर त्यांचा पत्ता लिहिण्याची वेळ आली तेव्हा मी आणि मित्र एकमेकांकडे पाहू लागलो. मराठीत लिहावा की कन्नडमध्ये?

"कशात पण लिहा रे," मामा म्हणाले. "आमच्या पोस्टमनला दोन्ही येतंय."